आसावाचून फिरणारे चाक

‘पेटंट’ या शब्दाची मराठीत मोठी गंमत झाली आहे. एखाद्याचे नेहमीचे, ठरीव उत्तर असेल तर आपण त्याला त्याचे ‘पेटंट उत्तर’ म्हणतो. दहादा ऐकलेला विनोद हा त्या गृहस्थाचा ‘पेटंट विनोद’ होतो. कायद्यात मात्र या शब्दाचा अर्थ नेमका उलट आहे. जे पूर्वी कोणी केले नाही, कोणी लिहिले नाही आणि त्या विद्येतल्या जाणत्या माणसाला सहज सुचलेही नसते, अशाच वस्तूला पेटंट मिळते. मुळात ते राजाचे उघडे पत्र. लखोट्यात न घालता, शिक्का लावून, सर्वांनी वाचावे म्हणून दिलेले. आपल्याकडच्या सनदेशी त्याचे नाते जवळचे आहे. परिभाषाकारांनी त्याला ‘एकस्व’ असा सुबक प्रतिशब्द दिला. तो फायलींत राहिला आणि लोकांच्या तोंडी इंग्रजी शब्दच रुळला. असो.

या लेखाचा विषय आहे तो या सनदेचा आणि एका विलक्षण यंत्राचा. हृदय थकले म्हणजे त्याच्या जागी किंवा त्याच्या जोडीने रक्त पुढे ढकलणारे पंप आता निघाले आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या पोटातली भिंगरी कशालाही न टेकता केवळ चुंबकाच्या बळावर तरंगत फिरते. अशा यंत्रावर कोणी हक्क सांगितला, तर तो द्यावा की नाही हे ठरविण्याचे काम आपल्या देशात जी कार्यालये करतात, त्यांपैकी एक राजधानीत, द्वारकेच्या चौदाव्या सेक्टरातील बौद्धिक संपदा भवनात आहे. त्याच्या आधी ते करोलबागेत, सरस्वती मार्गावरील नगरपालिकेच्या बाजाराच्या इमारतीत होते. खाली भाजीपाला आणि कापडचोपड खरेदी करणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कितीजणांना वरच्या मजल्यावरच्या या खटाटोपाची वार्ता होती, कोण जाणे! वास्तविक या कार्यालयाची व्याप्ती मोठी. दिल्ली, हरियाणा, पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश ही त्याच्या हद्दीत येतातच. पण परदेशी अर्जदाराचा अर्ज त्याच्या येथील वकिलाच्या पत्त्यावरून कार्यालयाकडे जातो, आणि या विषयातले कितीतरी वकील राजधानीत बसलेले असल्यामुळे सातासमुद्रापलीकडच्या यंत्रांचे कागदही येथेच उतरतात.

आपल्याकडे या कायद्याचा आरंभ पंख्यापासून झाला, हे कदाचित पुष्कळांना ठाऊक नसेल. १८५६ साली कंपनी सरकारने सहावा कायदा करून शोधकास चौदा वर्षांचा ‘अनन्य हक्क’ देऊ केला आणि त्याच वर्षी ३ मार्च रोजी कलकत्त्याचे एक स्थापत्यविशारद जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला. तोच हिंदुस्थानातला पहिला. उन्हाळ्याने जेरीस आलेल्या साहेबाला वारा घालणे, हीच त्या काळची निकडीची गरज असली पाहिजे! पुढच्याच वर्षी तो कायदा राणीची आधी संमती न घेतल्याच्या कारणावरून रद्द झाला आणि १८५९ साली नव्याने आला. त्या दिवसांत अर्जातली वस्तू खरोखर नवी आहे काय, याची पद्धतशीर तपासणी होत नसे. अर्ज यावा, विवरणपत्र दाखल व्हावे, आणि कोणाची हरकत असेल तर त्याने कोर्टात जावे, असा एकंदर रिवाज.

१९११ च्या कायद्याने ‘कंट्रोलर ऑफ पेटंट्स’ हा अधिकारी निर्माण केला, आणि कारभाराला एक धनी मिळाला. या कायद्याची एक खूण आजही शिल्लक आहे. सध्याच्या कायद्याच्या तेराव्या कलमात परीक्षकास सांगितले आहे की, त्याने १ जानेवारी १९१२ पासून या देशात दाखल झालेली विवरणपत्रे चाळावीत. शिवाय जगात कोठेही, कोणत्याही कागदावर ती वस्तू आधी प्रसिद्ध झाली आहे काय, हेही त्याने पाहावे. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाला या तारखेचे अप्रूप वाटेल. कायदा गेला, सरकार गेले, पण दप्तराचा पहिला दिवस तसाच कलमात लिहिलेला राहिला.

स्वातंत्र्यानंतर बक्षी टेकचंद यांची समिती बसली. तिचा अहवाल १९५० साली आला. त्याहून खोल गेला तो न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल. येथली बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या हाती आहेत आणि त्यांतली बहुतेक येथे वापरातच आणली जात नाहीत, हे त्यांनी स्पष्ट मांडले. कोणी माल बनवावयाचा नाही आणि दुसऱ्याला बनवू द्यावयाचा नाही, असा तो प्रकार होता. त्या अहवालातून १९७० चा कायदा निघाला आणि २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, ते बनविण्याच्या कृतीवरच काय ते मिळेल, या त्यातील तरतुदीची चर्चा पुष्कळ झाली. २००५ साली ती तरतूद गेली, तेव्हा तर फारच झाली. माझे लक्ष मात्र त्याच कायद्यातील एका आखूड पोटकलमाकडे वेधले जाते, ज्याची चर्चा वकिलांच्या बाहेर फारशी होत नाही.

ते म्हणजे तिसऱ्या कलमातील नववे पोटकलम. माणसावर करावयाच्या औषधी, शल्यकर्माच्या, रोग बरा करण्याच्या वा तो टाळण्याच्या कोणत्याही प्रक्रियेला शोध समजू नये, असे त्यात म्हटले होते. २००२ च्या दुरुस्तीने त्यात रोगनिदान व उपचार हे शब्द आणखी घातले. म्हणजे शल्यवैद्याची सुरी पेटंटाखाली असू शकते, पण सुरी धरण्याची रीत नाही. ही कल्पना आपल्या संसदेची नवी नव्हे. विलायतेत १९१४ साली एका अर्जदाराने मनुष्याच्या शरीरातून शिसे विजेच्या योगाने बाहेर काढण्याच्या कृतीवर हक्क मागितला, तेव्हा ही काही मालाची निर्मिती नव्हे, असे म्हणून तो फेटाळला गेला. अमेरिकेने असा नियम केला नाही आणि त्याचे फळही भोगले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत टाका न घालता छेद घेण्याच्या पद्धतीवर एका नेत्रवैद्याने पेटंट मिळविले आणि ती पद्धत वापरणाऱ्या दुसऱ्या नेत्रवैद्यावर फिर्याद ठोकली. त्या गदारोळानंतर १९९६ साली तेथील काँग्रेसला कायद्यात सवलत घालावी लागली, ती अशी की पेटंट भले असो, पण वैद्याविरुद्ध ते बजावता येणार नाही. आपला मार्ग अधिक सरळ, असे मला वाटते. दार उघडून मग आत येणाऱ्याला अडविण्यापेक्षा दारच बंद ठेवलेले बरे.

आता त्या पंपाकडे वळू. निरोगी माणसाचे हृदय विसाव्याच्या वेळीही दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. हे काम यंत्राकडून करून घेण्याचा पहिला यशस्वी प्रयोग जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात केला. एका तरुणीच्या हृदयाचा दोष दुरुस्त होत असताना सव्वीस मिनिटे तिचा सारा भार यंत्राने वाहिला. त्या यंत्रांतले पंप रबरी नळी रुळांखाली चेपून रक्त ढकलीत. काही तासांपुरते ते ठीक. परंतु रक्त म्हणजे पाणी नव्हे. चेपले, घुसळले की त्यातील तांबड्या पेशी फुटतात. कोठे साचून राहिले की गुठळी धरते. फिरत्या चाकाचा पंप करावा, तर चाकाला आस हवा, आसाला टेकू हवा आणि बाहेर मोटार असेल तर आस आत जाईल तेथे सील हवे. नेमक्या याच जागा रक्ताला सोसत नाहीत. घर्षणाने तेथे ऊब येते, फटीत रक्त अडकते.

यातून पहिली वाट चुंबकाने काढली. हॅरॉल्ड क्लेट्श्का आणि एड्सन रॅफर्टी यांना १९७५ साली अमेरिकेत ज्या पंपाचे पेटंट मिळाले, त्याच्यापासून निघालेल्या यंत्रात मोटार बाहेर आणि रक्ताचे भांडे वेगळे असे. मोटारीवरचे चुंबक भिंतीपलीकडून आतल्या चुंबकाला ओढीत आणि एकात एक बसविलेले शंकू फिरू लागत. तरीही आतल्या चाकाला बसण्यास काही तरी आधार लागेच. तो आधारही काढून टाकावयाचा तर चाक हवेत, किंबहुना रक्तात, अधांतरी ठेवावे लागेल. आणि येथे १८४२ सालचा एक जुना सिद्धान्त आडवा येतो. सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने दाखवून दिले होते की नुसत्या स्थिर कायमचुंबकांच्या ओढाताणीने कोणतीही वस्तू अधांतरी स्थिर राहू शकत नाही. एका दिशेने सावरली तर दुसऱ्या दिशेने कलंडते. म्हणून चाक किती सरकले हे क्षणोक्षणी मोजावे आणि विद्युत्चुंबकाचे बळ त्या मानाने कमीअधिक करीत त्याला मध्यावर ठेवावे लागते. ‘हार्टमेट ३’ या नावाचा जो पंप युरोपात २०१५ साली आणि अमेरिकेत २०१७ साली मान्य झाला, त्यात हेच साधले आहे. भिंगरी कशालाच टेकत नाही, सभोवतालची फट ऐसपैस राहते, आणि रक्त एका जागी साचू नये म्हणून तिची गती दर दोन सेकंदांनी मुद्दाम कमीअधिक केली जाते.

परीक्षकाच्या मेजावर असे यंत्र येते तेव्हा खरा पेच सुरू होतो. अर्जदार म्हणतो, अधांतरी चाक ही माझी कल्पना. परीक्षक म्हणतो, चुंबकावर तरंगणारी चाके निर्वात पंपांत आधीपासून आहेत. भिंतीपलीकडून चुंबकाने फिरविलेले पंप रासायनिक कारखाने आम्ले ढकलण्यासाठी वापरीतच होते. जुन्या दोन वस्तू शेजारी मांडल्या, एवढ्याने शोध होत नाही. प्रत्येक आपापले जुनेच काम करीत असेल तर तिसऱ्या कलमाचेच दुसरे पोटकलम तिला अडविते. मग वाद येतो तो ‘जाणत्या माणसा’वर. हा जाणता कोण? यंत्रविशारद की हृदयवैद्य? यंत्रविशारदाला चुंबकी आधार सहज सुचेल, पण पेशी कोणत्या फटीत फुटतात हे त्याला कळणार नाही. हृदयवैद्याला पेशी कळतील, पण अर्नशॉचे नाव त्याच्या कानावरून गेलेले नसेल. अशा ठिकाणी जाणता माणूस म्हणजे दोघांची मिळून एक चमू धरावी, हे मला न्याय्य वाटते. मात्र तसे धरले की पुष्कळ अर्जदारांचा ‘शोध’ सहजसाध्य ठरतो, हेही खरे. आणि आसाऐवजी चुंबक लावण्यात नव्हे, तर फट किती ठेवावी, गती केव्हा बदलावी, या बारकाव्यांतच खरे नवेपण शिल्लक राहते.

आणि तेथेच नववे पोटकलम डोके वर काढते. ‘रुग्णाच्या रक्ताभिसरणास साह्य करण्याची पद्धत’ असा दावा लिहिला तर तो उपचार; तो गळालाच पाहिजे. ‘अमुक रचनेचा पंप’ हा दावा यंत्राचा. त्याला या पोटकलमाची अडचण नाही. पण ‘पंपाची गती दर इतक्या सेकंदांनी बदलण्याची पद्धत’? ही यंत्र चालविण्याची रीत म्हणावी की रोग्याला जगविण्याची? पंप प्रयोगशाळेच्या मेजावर असेल तर पहिली. छातीत असेल तर दुसरी. वकील तेच शब्द फिरवून ‘अशी गती बदलणारा नियंत्रक असलेला पंप’ असे लिहितात आणि कित्येकदा त्यांचे काम भागते. यास कोणी शब्दांचा खेळ म्हणेल. मला तसे वाटत नाही. दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या दाव्यात अडकतो तो यंत्र बनविणारा आणि विकणारा. पहिल्या प्रकारात अडकला असता तो अतिदक्षता विभागात रात्री अडीच वाजता बटन फिरविणारा डॉक्टर. हे अंतर मोठे आहे, आणि ते राखण्याचे काम टिपणी लिहिणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या लेखणीवर आहे.

दिल्लीत तरी याला केवळ पुस्तकी महत्त्व नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ३ ऑगस्ट १९९४ रोजी डॉ. पी. वेणुगोपाल यांनी हृदयाचे यशस्वी रोपण केले. अवयवरोपणाचा कायदा त्याच्या आदल्या महिन्यातच संमत झाला होता. त्यापूर्वी सव्वीस वर्षे, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हे साहस केले होते. रुग्ण काही तासच जगला. रोपणासाठी दुसऱ्याचे हृदय लागते आणि ते मिळण्याची वाट पाहण्यात रुग्ण संपून जातो. जुलै २०२४ मध्ये दिल्ली छावणीतील लष्करी संशोधन व संदर्भ रुग्णालयात, दोन वर्षांहून अधिक काळ हृदयाची वाट पाहत असलेल्या एका एकोणपन्नास वर्षांच्या महिलेच्या छातीत तोच अधांतरी भिंगरीचा पंप बसविण्यात आला. सरकारी संस्थेत असे प्रथमच घडले, असे त्या वेळी जाहीर झाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण कार्यालयीन वर्तुळातही या दोन गोष्टींची गल्लत होते. पेटंट म्हणजे पंप सुरक्षित असल्याचा दाखला नव्हे. तो तपासण्याचे काम कोटला मार्गावरील केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेचे. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. द्वारकेतला परीक्षक विचारतो तो निराळाच प्रश्न: हे नवे आहे काय, आणि असल्यास तुम्ही ते संपूर्ण सांगितले आहे काय? दुसरा अर्धा भाग विसरता कामा नये. अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे हक्क मिळतो तो या अटीवर की, विवरणपत्र वाचून जाणत्याने तो पंप स्वतः बनवू शकला पाहिजे. जो परीक्षक अर्धवट विवरणावर ‘अधिक स्पष्ट करा’ असा शेरा मारतो, तो अर्जदाराला त्रास देत नसतो. वीस वर्षांनंतर कानपूरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या कारखान्यात जो माणूस तो कागद उघडून बसणार आहे, त्याच्या वतीने तो बोलत असतो. असे परीक्षक तयार करण्याची राष्ट्रीय संस्था नागपुरास आहे, आणि नव्याने नेमलेली तरुण मंडळी दिल्लीला वा कलकत्त्याला रुजू होण्यापूर्वी तेथेच दावे वाचावयास शिकतात.