बियारित्समधला सप्टेंबर

अँजेला डेव्हिस म्हटले की माझ्याहून वडील पिढीतल्या वाचकांना एक पोस्टर आठवते: केसांचा तो मोठा गोल पिसारा आणि खाली सुटकेची मागणी. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या नावावरून, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने डेव्हिसची निर्दोष मुक्तता केली. मला मात्र ती भेटली भलत्याच वाटेवर. मी शोधत होतो फ्रान्समधल्या उन्हाळी भाषावर्गांचा इतिहास. परदेशी मुलांनी एक उन्हाळा तिथे राहायचे, सकाळी व्याकरण, दुपारी भटकंती, रात्री यजमान कुटुंबाच्या टेबलावर संभाषण, ही पद्धत पडली कशी आणि तिने माणसे खरोखर बदलली का, एवढाच माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना मी एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीपाशी येऊन थांबलो.

आधी पद्धतीविषयी. फ्रेंच भाषेच्या प्रसारासाठी आलियांस फ्रांसेज ही संस्था १८८३ साली पॅरिसमध्ये निघाली. पुढच्या काही दशकांत ग्रनोब्ल, दिजों, तूर, नान्सी अशा गावांतून परकीयांसाठी वर्ग सुरू झाले. अमेरिकी महाविद्यालयांनी त्यात उडी घेतली ती पहिल्या महायुद्धानंतर. रेमंड किर्कब्राइड हा डेलावेअर विद्यापीठातला तरुण प्राध्यापक युद्धात फ्रान्सला जाऊन आलेला होता. राष्ट्रांना एकमेकांची भाषा कळली तर लढाया टळतील, अशा विचाराने भारलेला. विद्यापीठाचे अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांनी त्याला पाठिंबा दिला. सरकारी पैसा मिळेना, तेव्हा द्यू पाँ घराण्यातल्या उद्योगपतीने मदत केली. १९२३ च्या जुलैत किर्कब्राइड आठ विद्यार्थी घेऊन बोटीवर चढला. उन्हाळा नान्सीत भाषेच्या तयारीत गेला, मग सगळे पॅरिसला. दोनच वर्षांनी स्मिथ या मुलींच्या महाविद्यालयाने आपला गट पाठवला.

सोर्बोनचे वर्ष तेव्हा नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होई. त्यामुळे उन्हाळ्याची अखेर आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे आठवडे मोकळे सापडत. एखाद्या दूरच्या गावात आधी जिभेला वळण लावायचे आणि मग राजधानी गाठायची, ही घडी पुढची चाळीस वर्षे फारशी विसकटली नाही.

या घडीतून गेलेली सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थिनी म्हणजे जॅकलिन बूव्हिए, पुढची जॅकलिन केनेडी. ती शिकत होती व्हासर महाविद्यालयात, पण स्मिथच्या गटातून १९४९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सला आली. पहिले काही आठवडे ग्रनोब्लला, मग पॅरिसमध्ये आव्हन्यू मोझारवर दे रेंती या सरदार घराण्यातल्या विधवेकडे. ही यजमानीण जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत होती, राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतून जिवंत परतलेली. तिचा नवरा परतला नव्हता. घरात हिवाळ्यात ऊब अपुरी, न्हाणीघर एक, साखर आणि कॉफी अजून मोजूनमापून. अमेरिकी मुलींना असे घर मिळे त्यामागे हेही होते की युद्धाने पिचलेल्या खानदानी घरांना भाड्याचे पैसे हवे होते. या व्यवहाराविषयी पुढच्या आठवणींतून फार कमी बोलले जाते. जॅकलिनने मात्र तो मुलूख मनापासून आपला केला. १९६१ साली ती अध्यक्षांची पत्नी म्हणून पॅरिसला गेली, द गॉल यांच्याशी फ्रेंचमध्ये बोलली, आणि केनेडींनी आपली ओळख ‘जॅकलिनबरोबर पॅरिसला आलेला माणूस’ अशी करून दिली. किर्कब्राइडने हे पाहिले असते तर त्याला धन्य वाटले असते. पद्धत यशस्वी झाल्याचा याहून मोठा दाखला कुठला?

अँजेला डेव्हिसची फ्रेंच वेगळ्या मातीत रुजली. जन्म २६ जानेवारी १९४४, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. कृष्णवर्णीय कुटुंबे राहायला येऊ लागली म्हणून त्या वस्तीत इतके स्फोट घडवले गेले की तिला ‘डायनामाइट टेकडी’ असेच नाव पडले. शाळेच्या शेवटच्या वर्षांसाठी ती एका क्वेकर संस्थेच्या योजनेतून न्यू यॉर्कला गेली. तिथल्या वर्गात बाकीच्यांची फ्रेंच बरीच पुढे गेलेली, हिला सुरुवातीपासून झगडावे लागले.

किशोरवयातला एक प्रसंग तिने आत्मचरित्रात सांगितला आहे. ती आणि धाकटी बहीण फानिया बर्मिंगहॅममधल्या जोड्यांच्या दुकानात शिरल्या, आपसात फ्रेंच बोलत, आपण मार्टिनिक बेटावरच्या असल्याचे भासवत. एरवी काळ्या गिऱ्हाइकाला मागच्या कोपऱ्यात बसवत. यांना पुढे, गोऱ्यांच्या जागेवर बसवले, खोक्यांवर खोकी उघडली, व्यवस्थापक स्वतः विचारपूस करायला आला. शेवटी दोघी हसत सुटल्या आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितले की परदेशी असल्याचे सोंग केले की पुरते! मराठी वाचकाला इथे बडोद्याची पारशी सराय आठवेल. १९१७ साली राहायला जागा मिळेना म्हणून बाबासाहेबांना तिथे पारशी नाव घेऊन उतरावे लागले होते आणि अकराव्या दिवशी हातात लाठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली होती. बर्मिंगहॅमच्या मुलींना हसून बाहेर पडता आले. पण दोन्हीकडे कळून येणारी गोष्ट तीच: कातडी तीच राहिली, फक्त गाव बदलले, आणि माणूस खुर्चीच्या लायकीचा ठरला.

मग खरोखरीचा फ्रान्स. ब्रँडाइस विद्यापीठातले पहिले वर्ष संपवून १९६२ च्या उन्हाळ्यात ती हेलसिंकीच्या जागतिक युवक महोत्सवाला निघाली आणि वाटेत पॅरिसला राहिली. हा वर्ग नव्हे, नुसता मुक्काम. पण माझ्या मते तिचा पहिला धडा इथलाच. जुलैच्या ५ तारखेला अल्जीरिया स्वतंत्र झाला होता. त्याआधीच्या ऑक्टोबरात, १७ तारखेला, याच शहरात पोलिसांनी अल्जीरियन निदर्शकांना मारून सीन नदीत फेकले होते. फेब्रुवारीत शारॉनच्या भुयारी रेल्वे स्थानकापाशी नऊ जणांचे बळी गेले होते. भिंतींवर अल्जीरियनांना मरणाच्या धमक्या लिहिलेल्या. सोर्बोनसमोरच्या सभेवर पोलिसांनी पाण्याचे जोरदार फवारे सोडले तेव्हा तिला आपल्या गावचेच पोलीस आठवले. जोड्यांच्या दुकानात जी भाषा ढाल झाली होती, त्याच भाषेत इथे दुसऱ्या कुणाला हाकलले जात होते.

फ्रान्सवर प्रेम करणाऱ्या कित्येक कृष्णवर्णीय अमेरिकनांना हे उशिरा दिसले. पॅरिसमध्ये त्यांना उपाहारगृहात मानाने बसवले जाई आणि अमेरिकेच्या मानाने ते खरेच स्वर्गसुख होते. त्यांना दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही. पण अठरा वर्षांच्या मुलीला ते एका उन्हाळ्यात दिसले, याची नोंद करायला हवी.

१९६३ मध्ये ती हॅमिल्टन महाविद्यालयाच्या गटातून वर्षभराच्या अभ्यासासाठी परत आली. गटात कृष्णवर्णीय अशी ती एकटीच. पूर्वतयारीचा वर्ग होता बियारित्सला. स्पेनच्या सीमेजवळचे, बास्क मुलखातले हे समुद्राकाठचे गाव. तिसऱ्या नेपोलियनच्या राणीने, युजेनीने, इथे वाडा बांधून घेतला आणि मासेमारीचे खेडे श्रीमंतांचे विश्रामस्थान झाले. सप्टेंबरात हंगाम ओसरतो. पर्यटक गेलेले, उरलेल्या गावात वहीपेन घेतलेली अमेरिकी मुले.

१६ सप्टेंबरला ती तीन-चार सहाध्यायांबरोबर फिरत होती. त्यांना थांबवून तिने ‘हेराल्ड ट्रिब्यून’ विकत घेतला आणि चालता चालता चाळू लागली. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी, बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये स्फोट झाला होता. चार मुली गेल्या: ॲडी मे कॉलिन्स, कॅरोल रॉबर्टसन, सिंथिया वेस्ली, तिघी चौदा वर्षांच्या, डेनिस मॅकनेअर अकराची. नावे वाचता वाचता तिला उमगत गेले. कॅरोल म्हणजे फानियाची जिवलग मैत्रीण, दोन्ही घरांचा घरोबा. सिंथियाचे घर यांच्या घराच्या मागेच. फोन आल्यावर कॅरोलच्या आईला चर्चपर्यंत गाडीतून घेऊन गेली ती अँजेलाचीच आई.

सोबतच्या मुलांनी काय झाले विचारले, वाईट वाटल्याचे सांगितले, आणि पुढे काय बोलावे ते त्यांना सुचेना. कुणीतरी अपघातात गेले असावे अशा सुरातली ती हळहळ होती. ती त्यांना सोडून एकटीच निघून गेली. हे चार खून एखाद्या वेडसर माणसाचे कृत्य नाहीत, सगळ्या व्यवस्थेतूनच ते उगवले आहेत, असे तिने पुढे मांडले. आणि सहाध्यायांना नेमके तेवढेच दिसत नव्हते.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. हे आत्मचरित्र १९७४ साली आले, तुरुंगवास आणि खटल्यानंतर. त्याचे संपादन टोनी मॉरिसन यांनी केले. अकरा वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत मधल्या काळाची नजर मिसळणारच. एकोणिसाव्या वर्षी रस्त्यावर उभी असताना ‘व्यवस्था’ हा शब्द तिच्या मनात आला असेल असे मला वाटत नाही. पण एकटीने निघून जाणे मात्र त्या दिवशीचेच असणार, असे मला वाटते. एलिस कॅप्लन यांनी २०१२ साली जॅकलिन बूव्हिए, सुसान सोंटॅग आणि अँजेला डेव्हिस या तिघींच्या फ्रान्समधल्या वर्षांवर पुस्तक लिहिले. त्यातही बियारित्सचा हा दिवस येतो.

मी त्या तीन-चार मुलांचा वारंवार विचार करतो. ती दुष्ट नव्हती. परक्या भाषेतल्या क्रियापदांच्या छटा ओळखण्यासाठीच ती समुद्र ओलांडून आली होती. मोठ्या मनाची म्हणूनच आली असतील. एका देशाची, एका वयाची, एका वर्गात बसणारी. तरी आपल्याच इंग्रजी भाषेत छापलेली बातमी त्यांना आणि तिला एकच अर्थ सांगू शकली नाही. राष्ट्राराष्ट्रांतली दरी भाषेने बुजेल असे किर्कब्राइडला वाटले होते. बियारित्समध्ये दरी होती ती दोन अमेरिकनांत, आणि तिच्यासाठी कुणी वर्ग काढलेला नव्हता.

अभ्यास तिने सोडला नाही. पॅरिसला गेली, समकालीन फ्रेंच साहित्याची व्याख्याने ऐकली, परतल्यावर ब्रँडाइसला आलँ रोब-ग्रिये या कादंबरीकारावर प्रबंधिका लिहिली. पुढे ती तुरुंगात असताना, ऑक्टोबर १९७१ मध्ये, तिच्या सुटकेसाठी पॅरिसच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. त्यांत फानिया होती. चर्चमधल्या स्फोटाबद्दल पहिली शिक्षा व्हायला १९७७ साल उजाडले आणि शेवटची २००२ मध्ये झाली.

पण मला परत जायचे आहे ते १९६३ च्या नोव्हेंबरकडे. बियारित्सला दोन महिने होऊन गेले होते. २२ तारखेला केनेडींचा खून झाला आणि पॅरिसमधले अमेरिकन आपल्या वकिलातीकडे धावले. अँजेलाही गेली. ज्यांच्यासाठी सगळे रडत होते त्यांची विधवा चौदा वर्षांपूर्वी याच शहरात तिच्याचसारखी विद्यार्थिनी होती. गर्दीत उभी असताना तिला परकेपणा जाणवला. यांच्यापैकी किती जणांनी त्या सप्टेंबरात तीच ‘हेराल्ड ट्रिब्यून’मधली बातमी वाचून डोळे पुसले असतील, असा विचार तिच्या मनात येत राहिला.