पुण्याजवळचा पल्लासाइट आणि हरवलेली चिठ्ठी

ब्रॅम्पटनहून टोरोंटोला गेलात, तर रॉयल ऑन्टारिओ म्युझियममधला स्प्रिंगवॉटर उल्कापाषाण नक्की बघा. धातूच्या जाळीत मधासारखे पिवळे ऑलिव्हिनचे खडे अडकलेत. दगड आणि लोखंड असे एकत्र असलेल्या या प्रकाराला पल्लासाइट म्हणतात. सायबेरियात 1772 साली असा मोठा तुकडा पाहणाऱ्या पीटर पल्लासवरून हे नाव आलं.

आता गंमत बघा. आपल्या पुण्याजवळही एक पल्लासाइट सापडलाय, तोही 1847 साली! स्प्रिंगवॉटरचे पहिले तुकडे सस्कॅचवानमध्ये सापडले 1931 ला, म्हणजे त्यानंतर तब्बल 84 वर्षांनी.

जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना 1851 ची. मग 1847 चा दगड तपासणार कोण? हे काम केलं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट जिरो यांनी. वैद्यकीच्या पोरांना रसायनं शिकवणारा माणूस उल्केचं पृथक्करण करतो, हे आज विचित्र वाटेल. पण तेव्हा प्रयोगशाळा होती ती तिथेच.

आणि रसायनाशिवाय इथे भागतही नाही. दख्खनच्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे लोहचुंबक त्याच्याकडेही ओढला जातो. ऑलिव्हिनही बेसॉल्टमध्ये असतं. भट्टीतली मळी तर हुबेहूब लोखंडी दिसते, मात्र तिच्यात बहुधा बुडबुड्यांची भोकं असतात. खरा पुरावा म्हणजे निकेल असलेलं धातुरूप लोखंड. कापून, घासून, सौम्य नायट्रिक आम्ल लावलं की धातूचा भाग पुरेसा मोठा असल्यास त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या उमटतात. पृथ्वीवरच्या खडकात त्या दिसत नाहीत.

जिरोंनी उल्का ओळखली, पण जागेचं काय? कॅटलॉगात उरलंय फक्त 'सिंघुर' हे इंग्रजी वळणाचं नाव. त्या काळचे इंग्रज सिंहगडही जवळपास असाच लिहीत. मग हा गड म्हणायचा की दुसरंच एखादं गाव? नुसत्या स्पेलिंगवरून ते ठरत नाही. शेजारी देवनागरीत गावाचं नाव असतं, तर प्रश्नच उरला नसता.

दगड म्युझियमच्या कपाटात टिकतो, निकेल पुन्हा मोजता येतं. जागा मात्र पुन्हा मोजता येत नाही. म्हणून शेतात कधी जड, गंजलेला, ओळख न पटणारा दगड मिळालाच, तर आधी हातोडा नको. उचलण्यापूर्वी फोटो काढा, आणि गाव, शिवार, तारीख मराठीत लिहून ठेवा. तपासायला प्राध्यापक नंतरही मिळतात.