झाडावर चढायचं, पण कसं?

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मावशी, यंदा आपल्या रायवळ आंब्यावर मीच चढणार गं. माणूस मिळत नाही म्हणून आंबे खाली पडून सडायला नकोत." पाठोपाठ त्याने एक फोटोही धाडला. बुटाच्या आतल्या बाजूला पट्ट्याने बांधायचे पोलादी काटे, चांगले अणकुचीदार. काटा खोडात रुतवायचा, त्यावर उभं राहायचं, मग दुसरा पाय. "घेऊ का?" म्हणून विचारत होता.

मी तेव्हाच "नको" म्हटलं. पण का नको, ते फोनवर नीट सांगता येईना. चाळीस मिनिटांच्या तासाची सवय लागलेल्या माणसाला दोन वाक्यांत काही सांगताच येत नाही! तेव्हा हा तास त्याच्यासाठी. तुम्हीही बसा मागच्या बाकावर.

आमच्या वाडीतला एक माड अजून उभा आहे. माझ्या लहानपणी वडिलांनी चढायला सोपं जावं म्हणून त्याच्या खोडाला कोयत्याने खाचा पाडून घेतल्या होत्या. वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण खाचा कालच पाडल्यासारख्या दिसतात. माडाला आंब्यासारखी दरवर्षी वाढणारी साल नसते, त्यामुळे तिथली जखम कधीच भरत नाही. आंब्याचं तसं नाही, असं आम्हाला वाटायचं. म्हणून आमच्या दुसऱ्या एका आंब्याला कुणीतरी लांब खिळे ठोकून पायऱ्या केल्या. काही वर्षांनी त्या खोडातून भुसा गळायला लागला. भिरूड लागली होती. झाड गेलं. खिळ्यांमुळेच गेलं असं छातीठोकपणे म्हणणार नाही, पण भिरूड सालीच्या फटीत नि जखमेत अंडी घालते हे बागायतदाराला सांगायला नको.

झाडाची जखम "भरते" म्हणजे काय होतं, हे अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी दाखवून दिलं. त्यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून आत काय होतं ते पाहिलं, आणि १९७७ साली आपला सिद्धांत मांडला. माणसाच्या कातडीसारखं खराब झालेलं लाकूड पुन्हा चांगलं होत नाही. झाड जखमेभोवती आतल्या आत भिंती उभारतं, कूज कोंडून ठेवतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणजे प्रत्येक भोक झाडाच्या पोटात जन्मभर राहतं. काट्याच्या बुटाने एकदा वर जाऊन खाली यायचं म्हणजे अशी किती भोकं, हिशोब करा.

काटे मुळात खांबावर चढणाऱ्या तारवाल्यांचे आणि झाडं तोडणाऱ्या लाकूडतोड्यांचे. खांब मेलेला असतो आणि तोडायच्या झाडाला उद्या नसतो, तिथे काटे ठीकच. अमेरिकेत १९९५ साली झाडांच्या छाटणीचं जे राष्ट्रीय मानक निघालं, त्यातही हाच विवेक आहे: झाड तोडायचं असेल किंवा वर अडकलेल्या माणसाला सोडवायचं असेल तर काटे वापरा, जगवायचं असेल तर नको.

मग चढायचं कसं? दोराने. या दोराचा इतिहास मला फार आवडतो.

पूर्वी दोर असे ते मनिला म्हणजे अबाका या केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचे. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपाइन्स घेतलं आणि तो धागा अमेरिकेला मिळेनासा झाला. नायलॉनचा शोध १९३५ साली लागलेला होताच, आता त्याचे दोर वळले जाऊ लागले. त्याआधी १९३१ साली कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने एक गाठ प्रसिद्ध केली होती. जाड दोरावर बारीक दोरीचे वेढे. भार नसताना गाठ हाताने सरकते, भार आला की घट्ट आवळते. झाडावर चढणारे अशाच एका गाठीवर पुढे सरकतात. तिला ब्लेकची गाठ म्हणतात, कारण १९९४ साली जेसन ब्लेक यांनी ती छापून आणली. गंमत म्हणजे ऑस्ट्रियाच्या हाइन्त्स प्रोहास्का यांनी ती आधीच मांडली होती. इतिहासात हे असंच चालतं.

१९८३ साली अटलांटामध्ये पीटर जेंकिन्स यांनी हौशी लोकांना दोराने झाडावर चढवायला सुरुवात केली. ते आधी कडे चढायचे, मग झाडांची निगा राखायचं काम करायचे. त्याच सुमारास शास्त्रज्ञही दोर घेऊन जंगलाच्या माथ्यावर पोचत होते. त्यांत एक आडनाव आपल्या ओळखीचं आहे: नलिनी नाडकर्णी. वडील भारतातून अमेरिकेत गेलेले. १९८१ साली त्यांनी दाखवलं की वॉशिंग्टन राज्यातल्या पावसाळी जंगलात मेपलची झाडं आपल्याच फांद्यांवरच्या शेवाळाच्या थरात मुळं सोडतात! जमिनीवर उभं राहून हे कुणाला दिसलं असतं? आणि असं काम करायचं तर त्याच झाडावर पुन्हा पुन्हा जावं लागतं. दर खेपेला खोडाला भोकं पाडून कसं चालेल?

याच नलिनीबाई २०१५ साली तिथल्याच जंगलात सुमारे ५० फुटांवरून खाली पडल्या. दोराने दगा दिला. मणक्यांना जबर मार लागला. सुदैवाने वाचल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. चढण्यात साऱ्या हयातीचा अनुभव असलेल्या बाईंची ही गोष्ट आहे. भाच्या, तू अजून शिडीवरसुद्धा धड चढलेला नाहीस.

तर आता सामान. काथ्याचा दोर नको. वरून धड दिसला तरी आतून कुजलेला असू शकतो. गावच्या दुकानात "नायलॉनची दोरी" म्हणून मिळणारी निळी-पिवळी दोरी पुष्कळदा नायलॉनची नसतेच, पॉलिप्रॉपिलीनची असते. ती सुमारे १६५ अंशांना वितळते, घर्षणाने मऊ पडते, उन्हाने ठिसूळ होते. कडे चढायचा ताणणारा दोरही नको, त्यावर लोंबकळत वर जाताना निम्मी ताकद दोर ताणण्यातच जाते. झाडासाठी मुद्दाम बनवलेला, कमी ताणला जाणारा, साधारण १२ ते १३ मिलीमीटर जाडीचा दोर घे. त्यावर ताकद लिहिलेली असते, २४ किलोन्यूटनच्या खाली नको. दोर फांदीवरून दुहेरी येतो, म्हणून फांदी १० मीटरवर असेल तर २५ मीटर तरी हवा.

कमरेचा पट्टा मांड्यांना आधार देणारा, बसून काम करता येईल असा घे. हनुवटीखाली बांधायचं हेल्मेट हवं. आपोआप कुलूप लागणाऱ्या कड्या हव्यात. कमरेला दुसरा आखूड दोर हवा, म्हणजे मुख्य दोर हलवताना तू मोकळा राहणार नाहीस. फांदीवर अडकवायचा, दोन टोकांना कड्या असलेला पट्टाही घे, तो फांदीची साल आणि तुझा दोर दोन्ही वाचवतो. शिवाय एक बारीक दोरी आणि छर्रे भरलेली छोटी थैली. ती फांदीवरून भिरकावायची आणि तिच्यामागून दोर ओढून घ्यायचा.

या थैलीसाठी तरी मला दोराची पद्धत पटते. भिरकावण्याआधी खाली उभं राहून झाड बघावं लागतं. कुठली फांदी जाड, कुठली पोकळ, कुठे बांडगूळ, जवळून विजेची तार जाते का. पहिल्यांदा फांदीवर दोर टाकून जमिनीवरून दोघांनी लोंबकळून बघायचं. काट्यांचे बूट घातलेला माणूस झाडाकडे बघत नाही, पायाकडे बघतो.

आणि हे सगळं आणून लगेच चढायचं नाही. शिकलेल्या माणसाकडून शीक, जमिनीपासून दोन फुटांवर गाठी घाल नि सोड. शेवगा, जांभूळ यांच्या वाटेला जाऊच नकोस, त्यांच्या फांद्या कधी मोडतील सांगता येत नाही. हुमल्यांना हेल्मेटचं काही वाटत नाही, तेही लक्षात ठेव. यंदाचे आंबे आपण दापोलीच्या विद्यापीठाच्या नूतन झेल्याने, हाताला येतील तेवढे काढू. वरचे पाखरांचे.

तो आंबा माझ्या आजोबांनी लावला. तुझ्या नातवंडांनाही तो पुरेल, आपण शहाणपणाने वागलो तर. काट्यांचे पैसे वाचलेच आहेत, त्यात थोडी भर घालून दोर घे. कमी पडले तर मावशीला सांग.