माल्ट-१

माल्ट-१ : मानवी प्रतिक्षम पेशींमध्ये संदेश पुढे नेणारे प्रथिनभंजक विकर. त्याचे जनुक १८व्या गुणसूत्रावर असून रेणूत ८२४ ॲमिनो अम्ले असतात. पॅराकॅस्पेज गटातील हे मानवातील एकमेव विकर होय.

टी किंवा बी लसीका पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला प्रतिजन जुळला, की आत कार्ड-११, बीसीएल-१० आणि माल्ट-१ ही प्रथिने एकत्र येतात. या जुळणीत माल्ट-१ दुहेरी काम करते. ते इतर प्रथिनांना आधार देते. त्यातून एनएफ-कप्पा-बी हा जनुके चालू करणारा घटक मोकळा होऊन केंद्रकात शिरतो. शिवाय ए-२० सारख्या, संदेशाला लगाम घालणाऱ्या प्रथिनांना ते आर्जिनीन या ॲमिनो अम्लानंतर तोडते. ही तोड माल्ट-१ च्या ४६४व्या स्थानावरील सिस्टीनमुळे घडते.

जन्मतः हे विकर निकामी असल्यास बालकाला वारंवार गंभीर संसर्ग होतात. ते सतत चालू राहिल्यास बी पेशींचे काही कर्करोग फोफावतात. म्हणून त्याच्या रोधकांचा शोध महत्त्वाचा ठरतो. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात नांदे येथे असे रोधक शोधणाऱ्या ल्युपिन या औषध कंपनीचे संशोधन केंद्र आहे. ल्युपिनच्या माल्ट-१ रोधकांचे हक्क डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील ॲबव्ही कंपनीने ३ कोटी डॉलर आगाऊ देऊन घेतले. मात्र प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींनाही माल्ट-१ लागते. त्यामुळे अर्बुद रोखताना या पेशी जपणे हे रोधकांपुढील खरे आव्हान आहे.