बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स

दीर्घ पल्ल्याच्या मोटारशर्यतींत वेगवेगळ्या रचनेच्या गाड्यांची क्षमता एका पातळीवर आणणारे नियम. संक्षेपाने बीओपी. वेगवान गाडीवर वजन चढवायचे, इंजिनाची कमाल शक्ती किंवा टर्बोचा दाब उतरवायचा, एका टप्प्यात वापरता येणारी ऊर्जा ठरवून द्यायची. मागे पडणाऱ्या गाडीला तेवढीच सूट. स्तेफान रातेल यांच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झालेला जीटी-३ वर्ग याच पायावर उभा राहिला. खर्चाची चढाओढ आवरली, अनेक कंपन्या मैदानात आल्या. पद्धतीचे हे श्रेय निर्विवाद आहे.

वाद न्याय्यतेचा. गाडीची खरी क्षमता संयोजकांना मोजमापांतूनच कळते आणि सरावात मुद्दाम हात आखडता घेऊन संघ ती झाकू शकतात. ले माँच्या २४ तासांच्या शर्यतीत २०१६ साली पात्रता फेरीत फोर्ड जीटी फारच पुढे निघाल्या, तेव्हा शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या टर्बोचा दाब घटवून वजन वाढवले गेले. तरीही आपल्या वर्गात फोर्डच जिंकली.

२०२३ चे प्रकरण अधिक गंभीर. ले माँपूर्वी एकेका गाडीचे आकडे बदलायचे नाहीत, असे हंगामाच्या आरंभी ठरले होते. प्रत्यक्षात शर्यतीला काही दिवस उरले असताना टोयोटावर ३७, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११ आणि पोर्शेवर ३ किलो वजन चढले. सलग पाच वेळा जिंकलेली टोयोटा २४ तासांअखेर फेरारीच्या सुमारे ८२ सेकंद मागे राहिली. शेवटच्या दोन तासांत आर्नाजच्या वळणावर टोयोटा कठड्याला धडकली होती, त्यामुळे पराभवाचे सारे खापर वजनावर फोडता येत नाही. पण वजनाचा वाटा किती, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही, आणि खेळाचे खरे नुकसान तेच.

गाड्यांची क्षमता सारखी करणे आणि निकाल सारखे करणे यांतली सीमारेषा पाळली, तरच ही पद्धत न्याय्य ठरते. चांगली गाडी बांधणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. सदोष गाडीला बक्षीसही नको. त्यासाठी बदलांची वेळ व कारणे आधी जाहीर हवीत. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेच्या नियमांनुसार मात्र संघांना व चालकांना बीओपीवर जाहीर मतप्रदर्शन करण्यास मनाई आहे. ज्यांच्या गाडीवर वजन चढते त्यांनाच बोलण्याची मुभा नसल्याने प्रत्येक फेरबदल संशयाला जागा देतो.