पेनिसिलीन-निर्मितीतील यंत्रचालक

किण्वनपात्रे, निष्कर्षण यंत्रे व त्यांना जोडलेले वाफ, हवा आणि पाणी यांचे नळ यांवर पाळीने देखरेख करणारा कुशल कामगार. भारतात या कामाचा प्रारंभ प्रामुख्याने पिंपरी (जि. पुणे) येथे झाला.

पेनिसिलीनचा पुण्याशी संबंध त्यापूर्वीच आला होता. येरवडा येथील आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा गांधी अत्यवस्थ झाल्या, तेव्हा त्यांचे पुत्र देवदास यांच्या इच्छेनुसार कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन आणविण्यात आले. ते दर काही तासांनी टोचावे लागणार हे कळल्यावर म. गांधींनी त्यास संमती दिली नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. औषधाने त्या वाचल्या असत्या, असे म्हणता येत नाही. मात्र ते विमानाने आणावे लागावे, यावरूनच त्या काळचे त्याचे दुर्भिक्ष्य स्पष्ट होते. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी शोधलेले हे द्रव्य युद्धकाळात मुख्यत्वे लष्कराकडेच जात असे.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स लि. ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले.

या उत्पादनात चालकाला हाताळावा लागतो तो जिवंत माल. पोषक द्रव सु. १२१° से. तापमानाच्या वाफेने निर्जंतुक करून थंड केल्यावर त्यात कवकाचे विरजण सोडतात. नंतर पाच-सहा दिवस तापमान सु. २५° से. राखणे, गाळलेली निर्जंतुक हवा अखंड पुरविणे, फेस चढू लागताच तो मोडणे आणि ठराविक वेळी नमुने काढणे ही कामे रात्रंदिवस चालतात. पात्राच्या आतले काही दिसत नसल्याने चालकाची सारी भिस्त दर्शकांवरील आकड्यांवर असते. एखादी झडप नीट न धुरविल्यास परके जंतू आत शिरतात. त्यांपैकी काही पेनिसिलिनेज हे एंझाइम निर्माण करून पेनिसिलीनच नष्ट करतात आणि संपूर्ण घाणा टाकून द्यावा लागतो. पुढे गाळलेला द्रव अम्लीय करून ब्यूटिल ॲसिटेटसारख्या विद्रावकात पेनिसिलीन उतरवितात. अम्लात ते झपाट्याने विघटित होत असल्याने हे काम थंडीत व त्वरेने उरकावे लागते. विद्रावक ज्वलनशील असल्याने येथील धोका निराळाच. ठिणगीदेखील चालत नाही.

पिंपरीच्या प्रयोगशाळेत १९६१ मध्ये हॅमायसीन हे कवकरोधी प्रतिजैविक सापडले. ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या नावात पिंपरीचे नाव गुंफलेले आहे.

१९९० नंतर स्वस्त आयात मालापुढे देशातील पेनिसिलीन किण्वन टिकले नाही. ते २०२४ मध्ये काकिनाडा (आंध्र प्रदेश) येथे खासगी क्षेत्रात पुन्हा सुरू झाले.