मुक्तस्रोत क्लाउडची चार घराणी

२०११ साली मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या संगणक विभागात होतो. आमच्याकडे नऊ सर्व्हर होते. काही दिवसभर जवळजवळ रिकामे, तर काही महिनाअखेरीला धापा टाकणारे. साहेबांनी खासगी क्लाउडसाठी तौलनिक तक्ता मागितला. मी युकॅलिप्टस, ओपननेब्युला, क्लाउडस्टॅक आणि ओपनस्टॅक या चार मुक्तस्रोत प्रणाली मांडल्या, सोयींपुढच्या खुणा मोजल्या आणि जिच्या खुणा जास्त तिची शिफारस केली. तीन वर्षांतच आम्हाला सगळे नव्याने उभारावे लागले. तक्त्यातली एकही खूण चुकीची नव्हती. एक रकानाच राहून गेला होता, आणि ती चूक माझी होती.

खासगी क्लाउड म्हणजे काय? वाड्यातल्या आडावर मोटर व टाकी बसवून खोलीखोलीत नळ द्यावा, तसा हा प्रकार. सर्व्हर आपलेच, पण त्यांची शक्ती एकत्र करून, मागेल त्याला मागेल तेवढे आभासी यंत्र काही मिनिटांत मिळते. ही सवय जगाला लावली ॲमेझॉनने, २००६ मध्ये ईसी२ ही भाड्याने संगणक देणारी सेवा सुरू करून. तीच सोय स्वतःच्या आवारात हवी, या इच्छेतून ही चार घराणी निघाली.

पहिली दोन विद्यापीठांतली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्रात रिच वोल्स्की यांच्या गटाने युकॅलिप्टस घडवली. ॲमेझॉनच्या आज्ञा तिला जशाच्या तशा समजत, हे तिचे बळ. माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठात इग्नासिओ योरेंते आणि रुबेन मोंतेरो यांनी ओपननेब्युला उभी केली. दोन्ही २००८ मध्ये लोकांच्या हाती आल्या. २००९ मध्ये युकॅलिप्टसची कंपनी झाली. गाभा मुक्त ठेवायचा आणि मोठ्या ग्राहकांना लागणारे काही भाग पैसे घेऊन द्यायचे, असा तिचा व्यवहार होता.

इथेच ठिणगी पडली. अमेरिकेची अंतराळसंस्था नासा आपल्या नेब्युला प्रकल्पात युकॅलिप्टस वापरत होती. नासाचे तेव्हाचे तंत्रप्रमुख ख्रिस केम्प यांच्या म्हणण्यानुसार, त्यांच्या अभियंत्यांनी मोठ्या भारासाठी केलेल्या सुधारणा कंपनीने स्वीकारल्या नाहीत. कारण त्या विकाऊ भागाच्या आड येत होत्या. नासाच्या चमूने मग नोव्हा नावाची स्वतःची प्रणाली लिहिली. जुलै २०१० मध्ये तिला रॅकस्पेस कंपनीच्या साठवण प्रणालीची जोड मिळाली आणि ओपनस्टॅक जाहीर झाली. २०१२ मध्ये तिचा कारभार स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे गेला. त्याच वर्षी नासाने विकासातून अंग काढून घेतले. तरी काम अडले नाही.

क्लाउडस्टॅकची वाट निराळी. शेंग लियांग यांच्या क्लाउड डॉट कॉम या कंपनीत ती वाढली, २०११ मध्ये सिट्रिक्सने ती कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये प्रणाली अपाचे प्रतिष्ठानाला देऊन टाकली. युकॅलिप्टस मात्र २०१४ मध्ये एचपीने विकत घेतली आणि हळूहळू मागे पडली.

मालकी आणि घडण यांचा संबंध वापरणाऱ्याला रोज जाणवतो. अनेक कंपन्यांनी मिळून वाढवलेली ओपनस्टॅक म्हणजे सुट्या भागांचा मोठा संसार: गणनेला नोव्हा, जाळ्याला न्यूट्रॉन, ओळखीला कीस्टोन. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २०१३ पासून ती चालते आणि तीन लाखांहून अधिक गणन-कोअर तिने सांभाळले आहेत. पण सर्नकडे आहे तसे जाणत्यांचे पथक तिला लागते. क्लाउडस्टॅकचा कारभार बराचसा एका व्यवस्थापन सर्व्हरभोवती फिरतो. दोनचार माणसांच्या विभागाला ती पेलते. ओपननेब्युला त्याहून आटोपशीर. तिच्यामागे मात्र मुख्यतः एकच कंपनी उभी आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून केवळ वर्गणीची पद्धत आणली. तेव्हापासून अनेक कंपन्यांत पुन्हा तौलनिक तक्ते होऊ लागले आहेत.

कोणी मला विचारले, तर सोयींच्या खुणांआधी मी तीन रकाने आखायला सांगतो. आपली दुरुस्ती मूळ प्रणालीत घ्यायची की नाही, हे कोण ठरवते? मुख्य कंपनी उद्या विकली गेली, तर काम पुढे कोण नेईल? आणि आपल्याकडचा जाणता माणूस नोकरी सोडून गेला, तर दुसऱ्या दिवशी ती कोण चालवेल? युकॅलिप्टसचा गाभाही मुक्त परवान्याखालीच होता. आड आपल्या अंगणात असला, तरी मोटरीची किल्ली कोणाकडे आहे, हे आधी पाहायला हवे. २०११ च्या माझ्या तक्त्यात नेमका तोच रकाना नव्हता.